पॉलिटिकल कंपासची चाचणी: ६२ प्रश्नांत चवदार तळं कुठे बसतं?

निवडणुका जवळ आल्या की व्हॉट्सॲपच्या गटांवर लाल, निळ्या, हिरव्या, जांभळ्या चार चौकोनांचं एक चित्र फिरायला लागतं आणि त्यावर एक ठिपका असतो. तो ठिपका काढून देणारं संकेतस्थळ म्हणजे पॉलिटिकल कंपास. २००१ पासून ते चालू आहे. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत 'तुम्ही डावे की उजवे' याचा निकाल हातात पडतो. राज्यशास्त्राच्या वर्गात, अभ्यासमंडळात किंवा घरी वादाला तोंड फोडायला हे साधन घ्यावं का, एवढाच इथे प्रश्न आहे. थोडक्यात उत्तर असं: प्रश्नपत्रिका जरूर घ्या, पण निकाल बाजूला ठेवा. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं महाराष्ट्राचं राजकारण त्यात घालून पाहायचं असेल, तर हे फारच लक्षात ठेवायला हवं.

आधी रचना. एकूण सहा पानं आणि ६२ विधानं. पहिल्या पानावर देश आणि जग (७), दुसऱ्यावर अर्थकारण (१४), तिसऱ्यावर वैयक्तिक आणि सामाजिक मूल्यं (१८), चौथ्यावर एकूण समाजव्यवस्था (१२), पाचव्यावर धर्म (५), सहाव्यावर लैंगिकता (६). प्रत्येक विधानापुढे चार पर्याय: ठाम असहमत, असहमत, सहमत, ठाम सहमत. 'माहीत नाही' किंवा 'मधलं काहीतरी' असं म्हणायची सोय नाही, आणि एकही विधान सोडता येत नाही. शेवटी दोन आकडे येतात. आडवा अक्ष आर्थिक, म्हणजे डावीकडून उजवीकडे. उभा अक्ष सामाजिक: वर सत्तावादी, खाली स्वातंत्र्यवादी. दोन्ही उणे १० पासून अधिक १० पर्यंत, आणि निकाल दोन दशांश स्थळांपर्यंत. कोणत्या उत्तराला किती गुण मिळाले हे मात्र कुठेच सांगितलेलं नाही. वजनं झाकून ठेवलेल्या तराजूने मिलिग्रॅमपर्यंत तोलून द्यावं, तसा हा प्रकार.

मधला पर्याय नसण्याबद्दल बरीच तक्रार होते. ती फारशी पटत नाही. माणसाला कुंपणावरून खाली उतरवायचं तर एवढी जबरदस्ती चालते. खरी अडचण विधानांच्या घडणीत आहे. पहिलंच घ्या: आर्थिक जागतिकीकरण अटळ असेल, तर त्याने बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हितापेक्षा मानवजातीचं हित आधी पाहावं. याला नाही कोण म्हणेल? कंपन्या वाढल्या की लोकांचं भलंच होतं असं मानणारा कट्टर बाजारवादीही 'सहमत'वर टिचकी मारून पुढे जाईल. अशी विधानं बरीच आहेत, त्यामुळे पुष्कळ मंडळी डाव्या-खालच्या हिरव्या चौकोनात जाऊन बसतात आणि आपण इतके डावे कधी झालो म्हणून चक्रावतात.

आता दुसऱ्या पानावरचं एक विधान जवळून पाहू. पिण्याच्या पाण्यासारखी मूलभूत गोष्ट बाटलीबंद, ब्रँडेड माल व्हावी ही समाजाच्या दृष्टीने खेदाची बाब आहे, असं ते म्हणतं. सहमत झालात तर आर्थिक अक्षावर डावीकडे सरकता. इथवर ठीक. हेच विधान महाडला नेऊन पाहा. चवदार तळं सार्वजनिक होतं, पाण्याला दमडी लागत नव्हती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, १९२३ मध्ये मंजूर झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे बाजार आड येत नव्हता, आणि कागदावर तरी सरकारही नाही. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्यावर उतरेपर्यंत ते पाणी त्यांचं नव्हतं. ओंजळ भरल्यावर त्याच दिवशी मार बसला, मग तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि प्रकरण कोर्टात लढून उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडलं. या चाचणीचा आर्थिक अक्ष पाण्याला किंमत किती एवढंच विचारतो. पाण्यापर्यंत कोणाला जाऊ दिलं जातं, हा प्रश्न ६२ मध्ये कुठेही नाही.

साधनाची मोठी त्रुटी ही आहे, आणि एखाद्या प्रश्नाची शब्दरचना सुधारून ती जाणार नाही. दोन अक्षांना दोनच धनी ठाऊक आहेत, बाजार आणि सत्ता. जिथे जुलूम शेजारपाजार, भावकी आणि गाव मिळून करतात आणि त्यावर उतारा म्हणून माणसं सरकारचं दार ठोठावतात, तिथे काटा भलतीकडे फिरतो.

उभ्या अक्षावर हे जास्त स्पष्ट दिसतं. शाळांनी वर्गातली हजेरी सक्तीची करू नये, असं एक विधान आहे. त्याच्याशी असहमत झालात की सत्तावादाकडे, म्हणजे वर सरकता. आता १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण किमान १२ वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा असं मागणारे जोतीराव फुले, १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडणारे गोखले, आणि १९१७ मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात तसा कायदा करून मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड लावणारे शाहू महाराज, तिघांनाही इथे एकेक पायरी वर चढवावं लागतं. उलट १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाचा वाद घ्या. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याला मान्य असलेलं किमान वय, १० वरून १२ करायचं होतं. रा. गो. भांडारकर बाजूने उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, म्हणून टिळकांनी विरोध केला. सरकारला विरोध म्हणजे स्वातंत्र्य असं धरलं तर टिळक खाली जातात. पण त्या मुलीच्या स्वातंत्र्याचं काय, याला कंपासवर खूणच नाही.

संकेतस्थळाच्या नमुन्याच्या आलेखात गांधी डाव्या-खालच्या चौकोनात आहेत. स्टालिन डावीकडे वर, थॅचरबाई उजवीकडे वर, बाजारवादी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन उजवीकडे खाली. आंबेडकरांच्या लेखनाचा आधार घेऊन उत्तरं भरली तर तेही बहुतेक गांधींच्याच चौकोनात येतात. मोठे उद्योग आणि विमा राज्याच्या ताब्यात, शेती हा राज्याचा उद्योग, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको, ही त्यांची १९४७ ची मागणी. त्यामुळे आडव्या अक्षावर ते पार डावीकडे. वरच्यांनी हुकूम द्यावा आणि खालच्यांनी तो पाळावा अशी उतरंड सुसंस्कृत समाजात लागतेच, असं एक विधान आहे. वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांनी आपापल्यात राहणं सगळ्यांच्या हिताचं, असं दुसरं. दोन्हींना त्यांचं उत्तर 'ठाम असहमत'. झाले शेजारी. पुणे कराराच्या दोन टोकांना असलेली माणसं एकाच हिरव्या चौकोनात! ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत आंबेडकरांनी खेडं हा घटक न धरता व्यक्ती हा घटक धरल्याचं ठासून सांगितलं. न्याय्य समाज कशाला म्हणायचं, यावरचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा वाद इथेच, गांधींचं खेडं आणि आंबेडकरांची व्यक्ती यांच्यात आहे, आणि कंपासच्या लेखी तो वाद झालेलाच नाही.

उतरंडीचं आणि आपापल्यात राहण्याचं, ही दोन विधानं पूर्ण चाचणीत सगळ्यात उपयोगी आहेत, हेही सांगायला हवं. फक्त ती हवेत विचारली जातात. 'उतरंड हवी का' म्हटलं की लोक बिनदिक्कत नाही म्हणतात, आणि लग्नाची जाहिरात देताना पोटजातीचा रकाना भरतात. वर्गात घ्यायची असतील तर त्यांच्यापुढे 'हे शेवटचं कशात दिसलं?' असा रकाना जोडावा.

जमिनीचा प्रश्नही असाच फसवा. जमीन ही विकत घ्यायची-विकायची वस्तू असू नये, हे विधान. सहमत म्हणजे डावे. दख्खनमध्ये रयतवारीच्या (सरकारने शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याच्या पद्धतीच्या) पाहणीनंतर जमीन खातेदाराच्या नावावर लागली, ती गहाण टाकता आली, आणि सावकाराला दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन ती काढून घेता आली. १२ मे १८७५ ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. दंगे पसरले, आणि १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला. शेतकऱ्याच्या ताब्यातली जमीन बाजारात जाऊ नये म्हणून धडपडणारा तो गोरा अंमलदार कंपासवर डावा! गोव्यात गावकारीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेची, जमीन सामूहिक. पोर्तुगीज अंमलदार अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या सनदेत या रिवाजांची नोंद आहे. ती जमीन विकायला कडाडून विरोध करणारा गावकारही डावाच ठरतो, मग गावकारपण वडिलांकडून मुलालाच मिळतं आणि गावात दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला त्यात वाटा नाही, हे कोणी विचारत नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसेल त्याच्या नावावर जमीन लागली, तेव्हा सातबाऱ्यावर आपलं नाव पाहायला आलेलं कूळ तर जमीन स्वतःच्या मालकीची व्हावी म्हणूनच आलं होतं. ते उजवं म्हणायचं का?

माणसं राष्ट्रापेक्षा वर्गाने जास्त विभागलेली असतात, हे विधानही मुंबईच्या गिरणीत नेऊन पाहण्यासारखं आहे. धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून दलित कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. लाल बावटा एक, संप एक, वर्ग एक, आणि धोटा वेगळा.

वसाहतवादाबद्दल चाचणीत जवळजवळ काहीच नाही. विकसनशील देशांच्या वनस्पतींच्या जनुकीय संपत्तीवर बहुराष्ट्रीय कंपन्या डल्ला मारतात, हे एक विधान तेवढं जवळपास येतं. व्यापारात कधीकधी संरक्षक जकात लागते हे विधान आहे, पण ती कोणासाठी ते नाही. १८९६ मध्ये इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची सोय म्हणून मुंबईच्या गिरणी-कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. त्याविरुद्ध ओरड करणारा गिरणीमालक या विधानावर बेधडक डावीकडे जातो.

पर्यायांत 'एट व्हॅल्यूज' बरी आहे. ७० विधानं, पाच पर्याय (त्यात मधला आहे), आणि चार अक्ष: समता-बाजार, राष्ट्र-जग, स्वातंत्र्य-सत्ता, परंपरा-प्रगती. मुख्य म्हणजे तिचा कोड खुला आहे. कुठल्या विधानाचं कोणत्या अक्षावर किती वजन ते प्रश्नांच्या फाइलमध्ये सरळ वाचता येतं. ठाम सहमतीला पूर्ण वजन, साध्या सहमतीला अर्धं, मधल्याला शून्य, असहमतीला तेच उणे. थोडं जावास्क्रिप्ट येणारा विद्यार्थी तिची मराठी आवृत्ती आणि जातीचा पाचवा अक्ष आठवड्याभरात तयार करू शकेल. जातीचा प्रश्न तिच्यातही मुळात नाहीच. दहा प्रश्नांची एक अमेरिकन चाचणीही फिरत असते. ती तिथल्या लिबर्टेरियन, म्हणजे सरकार कमीत कमी असावं म्हणणाऱ्या मंडळींनी आपल्या प्रचारासाठी काढलेली आहे, तिच्यात वेळ घालवू नये.

गटात वापरायची असेल तर पडद्यावर करू नका. विधानं मराठीत लिहून कागदावर घ्या, शेजारी चार उत्तरांचे रकाने आणि पाचवा 'का' चा. पहिली फेरी स्वतःची. दुसरी फेरी एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीच्या भूमिकेतून, पण 'का'च्या रकान्यात त्या व्यक्तीचं भाषण, लेख किंवा कायदा लिहिता आला तरच ते उत्तर धरायचं. नाहीतर रकाना रिकामा. ६२ पैकी पंधरा-वीसच उत्तरं पुराव्यानिशी निघतात, आणि मजा नेमकी त्या रिकाम्या रकान्यांवर बोलण्यात आहे. गर्भपात, बाटलीबंद पाणी, माहिती आणि करमणुकीची सरमिसळ यांवर फुल्यांचं मत काढायच्या भरीस पडू नका. शेवटी स्वतःची चार-पाच विधानं जोडा: राखीव जागा (शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा ५० टक्क्यांचा आदेश समोर ठेवून), गावातली स्मशानभूमी एक असावी का, परक्या सरकारने केलेला चांगला कायदा स्वीकारावा का, आंतरजातीय लग्नाला सरकारने अनुदान द्यावं का. यांवर गट जसा फुटतो तसा मूळ ६२ वर फुटत नाही.

आणखी एक. निकालाचे दोन्ही आकडे पानाच्या पत्त्यातच लिहिलेले असतात. ते बदलून पान पुन्हा उघडलं की ठिपका हवा तिथे जातो. त्यामुळे कोणी ठिपक्याचं चित्र पाठवलं तर त्यावर वाद घालत बसू नये, भरलेला कागद मागावा.