गोव्यात गंजत पडलेली गाडी उभी करायची: आरएक्स 100, बुलेट, येझदी की सीडी 100?

बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कडेला ताडपत्रीखाली उभी राहून टायर मातीत रुतलेली मोटरसायकल गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर असते. मालक बोटीवर, नाहीतर आखातात, नाहीतर लंडनला. घरचे म्हणतात, 'पडून काय करायचीय, घेऊन जा.' अशी गाडी फुकट मिळूनही महागात पडते आणि पंधरा हजारांना घेतलेली स्वस्तात सुटते. म्हणून चार गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करून पाहू: यामाहा आरएक्स 100, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350, येझदी रोडकिंग आणि हिरो होंडा सीडी 100. बजेट गाडीच्या किमतीसकट पन्नास-साठ हजार.

भीती सगळ्यांना इंजिनाची वाटते, पण गोव्यात पैसे खातो तो गंज. जाम झालेलं इंजिन बोअर होतं (सिलिंडर आतून कापून मोठा करता येतो), क्रँक नव्याने बांधता येतो. मडगाव-म्हापशात नाही जमलं तर चोर्ला घाट चढून बेळगाव आहेच. सीटखाली सडलेला चासीचा पाइप आणि चाळण झालेली टाकी मात्र लेथवर बरी होत नाही. कळंगुटच्या वाळूत राहिलेली गाडी आणि वाळपईकडची गाडी एकाच सालच्या असल्या तरी एका किमतीच्या नव्हेत. तेव्हा मॉडेल ठरवण्याआधी किनाऱ्यापासून लांबची गाडी शोधा.

पाहायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि जाड स्क्रू ड्रायव्हर न्या. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या पाळण्याखाली, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) पोटाखाली आणि स्टँड जोडलेला असतो त्या सांध्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. पापुद्रा सुटला तर चालेल. टोक आत गेलं तर गाडी सोडा. टाकीवर चुंबक फिरवताना जिथे तो धरत नाही तिथे पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, जास्त.

आरएक्स 100

1985 ते 1996 या काळातली ही 98 सीसी टू-स्ट्रोक. बोअर 50 मिमी, स्ट्रोकही 50, ताकद 11 बीएचपी आणि वजन शंभर किलोंच्या आसपास. यंत्र म्हणून चौघींत हीच सर्वांत सोपी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम चेन नाही. हेड आणि ब्लॉक तासाभरात हातात येतो. त्रास आहे तो बाजारभावाचा. हौशी लोकांनी किंमत एवढी चढवली आहे की साफ कागदांची, न छेडलेली आरएक्स पन्नास हजारांच्या खाली मिळणं कठीण. म्हणजे बजेट गाडी घेतानाच संपलं.

त्याहून स्वस्त दिसली तर चासी नंबर वाचा. आरएक्स 100 चा नंबर 1एल1 ने सुरू होतो. इंजिन कुठलं बसवलंय तेही पाहा; आरएक्स 135 चं इंजिन बसवलेल्या 'शंभर' पुष्कळ फिरतात. चालतात झकास, पण आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी तिथेच अडकते.

इंजिन तपासायला डाव्या बाजूचं मॅग्नेटचं कव्हर काढा. रोटर दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. जरा जरी हलला तरी क्रँकची बेअरिंगं गेली. सोबत ऑइल सीलही बदलायची. सील फाटलं की तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि उतारावर थ्रॉटल सोडल्यावर पिस्टन पकडतो, म्हणजे जाम होतो. सेंटर स्टँडवर गाडी जोरात पळते म्हणून खूश होऊ नका. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाची गती लगेच खाली आली पाहिजे. रेंगाळली तर कुठून तरी हवा ओढतेय.

बोअरच्या बाबतीत एक चूक हमखास होते: ब्लॉक आधी टर्नरकडे जातो आणि पिस्टन मागाहून येतो. उलट करा. पिस्टन 0.25 मिमीच्या टप्प्याने मोठे मिळतात. ब्लॉक कितव्या बोअरवर आहे ते मोजून पुढच्या मापाचं किट आधी विकत घ्या आणि तो पिस्टन टर्नरच्या हातात देऊन त्याला बसेल असाच बोअर मारायला सांगा. चौथा बोअर, म्हणजे 51 मिमी, होऊन गेला असेल तर स्लीव्हचा (ब्लॉकमध्ये बसवायच्या नव्या नळीचा) खर्च आत्ताच धरा. नव्या बोअरवर पहिले 500 किमी ताशी चाळीस-पन्नासच्या वर नको, घाट तर नकोच.

ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनात आपोआप 2टी ऑइल सोडणारा, पंप चालू आहे यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत कुणीतरी तो बंद करून टाकलेला असतो आणि नव्या मालकाला ते ठाऊक नसतं. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली 2टी ऑइल मिसळूनच घाला, मग पंपाची नळी पाहा, बुडबुडे काढा.

बुलेट

346 सीसी, बोअर 70, स्ट्रोक 90, ताकद 18 बीएचपी. पार्टांची ददात नाही, चासी दणकट आणि जाणणारा मेस्त (मिस्त्री) प्रत्येक तालुक्यात आहे. तरीही या बजेटसाठी आमचं मत विरोधात. इंजिन पूर्ण उघडलं की खर्च एका ठिकाणी थांबत नाही: बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा) फ्लोटिंग बुश, टायमिंगकडचे बुश, ऑइल पंप, गाइड, व्हॉल्व्ह. आणि बुश असलेलं बिग एंड ऑइलच्या बाबतीत माफ करत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ऑइलचा चिखल झालेला असतो. तसंच किक मारून 'सुरू तर झाली' म्हणणाऱ्याने बुश त्याच मिनिटाला खाल्लेला असतो. आधी ऑइल काढा, कापडी फिल्टर बदला, 20डब्ल्यू50 भरा, प्लग काढून पन्नासेक किका मारा. सुरू झाल्यावर हेडकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बॅन्जो बोल्ट (पाइप धरणारा पोकळ बोल्ट) एक-दोन आटे सैल करा. तिथून ऑइल पाझरलं नाही तर ताबडतोब बंद.

बाकी घरी जमण्यासारखं बरंच आहे. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टचा) गॅप 0.35 ते 0.40 मिमी. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. अँमीटरचा काटा मधोमध आल्याशिवाय किक मारू नका, नाहीतर उलटी किक पोटरी सुजवते.

कागद साफ असलेली कास्ट आयर्न बुलेट कुणी चाळीस हजारांत देत असेल तर आधी संशय घ्या. हरमल-हणजूणकडे हंगामी पाहुण्यांनी वापरून सोडलेल्या, उंच हँडल लावलेल्या परराज्यांतल्या बुलेट दिसतात. एनओसी, म्हणजे फॉर्म 28, नसेल आणि गोव्यातला कर भरलेला नसेल तर ती गाडी फक्त पार्टांच्या किमतीची.

येझदी

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1996 पर्यंत निघालेली, दोन सायलेन्सरची 250 सीसी टू-स्ट्रोक. किकचा दांडाच पुढे ढकलला की गिअरचा दांडा होतो. आवाजाला तोड नाही, किंमत बुलेटपेक्षा कमी. पण ही गाडी वाट पाहायला लावते. क्रँक दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर प्रेसवर उघडून पुन्हा सरळ लावणारा जाणकार हवा, आणि तो गावात असेलच असं नाही. गिअरबॉक्समधलं ऑइल आपोआप कमी होत असेल आणि धूर दाट पांढरा येत असेल तर क्रँकचं सील गेलेलं आहे: ऑइल इंजिनात शिरून जळतंय. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी या नावांनी आलेल्या नव्या गाड्या चार-स्ट्रोक आहेत. त्यांचा एकही इंजिन पार्ट इथे बसत नाही. वेळ असेल, दुसरी गाडी रोजच्या वापराला असेल, तरच येझदी.

सीडी 100

हिला बघायला पेट्रोल पंपावर कुणी थांबणार नाही. 97 सीसी, चार-स्ट्रोक, 1985 पासूनची. पण पुढे 1994 ला आलेल्या स्प्लेंडरचं इंजिन याच घराण्यातलं असल्याने ब्लॉक किट, क्लच प्लेटा, कॅम चेन, कार्ब्युरेटर हे सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं. गोव्यासाठी आणखी एक गुण: बंद चेन कव्हर. वाळू आणि खारी हवा चेनपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे चेन किट उघड्या चेनच्या गाडीपेक्षा जास्त टिकतं.

पन्नास हजारांत खरोखर पूर्ण होणारी चौघींत हीच. अंदाज असा: गाडी 10 ते 15 हजार, इंजिनाचं काम 6 ते 8, टायर-ट्यूब साधारण 4, वायरिंग, केबल, ब्रेक लायनर आणि बेअरिंगं मिळून 4 ते 5, रंग 6 ते 8, बाकी कागदांना. अवघड आहे ते मूळ रूप: टाकी, साइड पॅनेल, क्रोमचे मडगार्ड. हे गाडीवर नसतील तर मागाहून शोधण्यात वर्ष जाईल. इंजिन बंद आणि पत्रा पूर्ण, की इंजिन चालू आणि पत्रा अर्धा? डोळे मिटून पहिली घ्या. हे चारही गाड्यांना लागू.

टाकी

आतून गंजलेली टाकी फेकू नका. कॉक काढून भोक रबरी बुचाने बंद करा. मूठभर छोटे नट आणि थोडं पाणी घालून दहा मिनिटं हलवा, ओतून टाका. दहा लिटरच्या टाकीला अर्धा किलो लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून काठोकाठ भरा. अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर गंजाचा पट्टा राहतो. बारा ते चोवीस तासांनी आत राखाडी पत्रा दिसतो. ओतून लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी ब्लोअर लावा. पावसाळ्यात अर्धा तास दम खाल्लात तर टाकी डोळ्यांदेखत पुन्हा केशरी होते. कोरडी झाली की 100 मिली 2टी ऑइल आत फिरवून ठेवा. सीलर फक्त सूक्ष्म भोकं असतील तरच. हलका सीलर पेट्रोलमधल्या इथेनॉलने सुटतो आणि कॉकमध्ये जाऊन बसतो.

इथेनॉलचं आणखी एक. ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं, पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. याच पेट्रोलवर जुन्या जेटिंगचं मिश्रण पातळ होतं. टू-स्ट्रोकला मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग पाहा. पांढरट दिसला तर अजून मोठा, चॉकलेटी हवा.

कागद

आरसीची पंधरा वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. केंद्राच्या नियमाने मोटरसायकलला फी 1,000 रुपये, वीस वर्षांपुढच्या गाडीला 2,000. दुखणं फीचं नाही, उशिराचं आहे: महिन्याला 300 रुपये जादा. पाच वर्षं पडून राहिलेल्या गाडीवर 18,000 चढतात, सीडी 100 च्या किमतीहून जास्त. त्यावर हरित कर वेगळा. सौदा ठरण्याआधी आरसीची प्रत घेऊन आरटीओच्या खिडकीवर हिशेब काढून घ्या. जीडीए, जीडीबी असे जुन्या पद्धतीचे नंबर असतील तर नोंद संगणकावर चढलेली आहे का तेही विचारा.

मालक परदेशी असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर त्याची सही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक वारला असेल तर फॉर्म 31, आणि गोव्यात वारसाहक्काचा दस्त लागतो. चार भावंडांतला एक मालाड-मुंबईत असला की गाडी आणखी दोन पावसाळे झावळ्यांखालीच.

'व्हिंटेज' नोंदणीच्या भानगडीत पडू नका. ती पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना. पहिल्यांदा 20,000 रुपये, आणि रोज चालवायची परवानगी नाही.

मूळ रूप की आपल्या मनाचं?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीच्या मूळ वर्णनात फेरफार करू देत नाही. चासीची शेपटी कापून कॅफे रेसर (एका सीटची रेसिंगसारखी गाडी) करणं दोनदा मारतं: नूतनीकरणात आणि विकताना. नटबोल्टने निघेल तेवढंच बदला: हँडल, सीट, आरसे, फूटरेस्ट. रंग बदलला तर आरसीवर नोंदवून घ्या. काढलेले मूळ पार्ट ऑइल फासून खोक्यात. फाटक्या आवाजाचा सायलेन्सर लावलात तर दंडाची तयारी ठेवा; शिवाय टू-स्ट्रोकला मूळ सायलेन्सरची पोकळी ताकद देते, त्यामुळे आवाज वाढतो आणि ओढ कमी होते.

पैसे दिसण्यावर घालायचेच तर किनारपट्टीच्या माणसाने क्रोमवर घालू नयेत. स्वस्त क्रोम एका पावसात फुगतं. तारा स्टेनलेसच्या, चासीला सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग. पावडरवाल्याकडे पाठवण्याआधी इंजिन आणि चासी नंबरांवर उष्णतेला टिकणारी टेप लावायला सांगा. थराखाली गडप झालेला नंबर आरटीओत वाचता आला नाही तर खरवडावा लागतो. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टेनलेसचे स्क्रू घालताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना खातात आणि पुढच्या वेळी स्क्रूबरोबर आटेही बाहेर येतात.

टाकीचा रंग गणेश चवथीच्या आत करून देतो म्हणणाऱ्या पेंटरला नको म्हणा. दमट हवेत थिनर उडताना ओल पकडते आणि रंगावर पांढरी साय येते, ती पॉलिशने सहसा जात नाही. दिवाळीनंतर, सकाळचं दव सुकल्यावर, अकराच्या पुढे मारलेला रंग टिकतो. तोपर्यंत टाकी प्रायमरवरही उघडी ठेवू नका. प्रायमर पाणी पितो, आणि त्याच्याखाली जो गंज धरतो तो पुढच्या जूनमध्ये फुगवटा होऊन वर येतो.