'फ्रीक्स अँड गीक्स'चा डीव्हीडी सेट: निदान ऑडिशनच्या टेप्ससाठी तरी घ्याच

मावसबहीण मे महिन्यात न्यू जर्सीहून आली तेव्हा तिच्याकडून मुद्दाम 'फ्रीक्स अँड गीक्स' या अमेरिकन सिरीयलचा डीव्हीडी सेट मागवून घेतला, २००४ साली आलेला, ६ डिस्कचा. सेकंडहँड आहे, बॉक्सचा एक कोपरा दबलाय पण डिस्कवर ओरखडा नाही. आधीच सांगते, हा रीजन १ चा, म्हणजे अमेरिकेतल्या प्लेअरसाठीचा सेट आहे, आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालत नाही, आमच्या प्लेअरनं डिस्क घेतली आणि लगेच बाहेर काढली, शेवटी लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून व्हीएलसीवर बघितलं, तिथं झकास चालतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८० मधली मिशिगनची एक शाळा, तिथली वाया गेलेली म्हणून हिणवली जाणारी पोरं आणि चष्मेवाली भित्री पोरं. एनबीसी या अमेरिकन चॅनलवर १९९९ ला लागली, १८ भाग बनले, त्यातले १२ दाखवून बंद केली. गाण्यांच्या हक्कांमुळे डीव्हीडी यायला वर्षं लागली, पण या सेटमध्ये मूळ गाणी तशीच आहेत. आणि ते किती महत्त्वाचं आहे ते बिलच्या सीनला कळतं. बिल, त्या चष्मेवाल्या पोरांतला एक, शाळेतून रिकाम्या घरी येतो, चीज सँडविच भाजतो, केक आणि दूध घेऊन टीव्हीपुढं बसतो, टीव्हीवर एक कॉमेडियन बोलतोय आणि हा तोंडात घास असताना हसत सुटतो, मागे 'द हू' या बँडचं गाणं, बिलच्या तोंडी संवाद नाहीच. मी तो सीन तीनदा लावला, तिन्ही वेळा हसताना डोळ्यांत पाणी आलं.

आता मेन मुद्दा, एक्स्ट्रामध्ये कलाकारांच्या ऑडिशन्स आहेत. मी स्वतः हौशी नाटकं बसवते म्हणून असेल, पण माझ्यासाठी अख्ख्या बॉक्सची किंमत तिथंच वसूल झाली. मेकअप नाही, सेट नाही, नुसता पोरगा आणि कागदावरचे संवाद. सेथ रोगन तेव्हा १६ वर्षांचा, व्हँकुव्हरला सापडलेला. आज जेसन सीगल, जेम्स फ्रँको, लिंडा कार्डेलिनी ही नावं घरोघरी माहीत आहेत, तेव्हा ही सगळी जवळपास नवखीच होती. ही माणसं शोधणारी बाई म्हणजे ॲलिसन जोन्स, आणि सिरीयल बंद पडली तरी २००० साली कास्टिंगचं, म्हणजे कलाकार निवडीचं, एमी हे टीव्हीचं बक्षीस या टीमला मिळालंच.

मग मी तिचं बाकीचं काम शोधत बसले. आधी 'द गोल्डन गर्ल्स', 'फ्रेश प्रिन्स', पुढे 'द ऑफिस', 'पार्क्स अँड रिक्रिएशन', 'व्हीप', सिनेमात 'ब्राइड्समेड्स', 'सुपरबॅड'. 'सुपरबॅड'मधला मॅकलव्हिन आठवतो ना, ते काम करणारा खराखुरा शाळेतला पोरगा होता, अभिनयाचा अनुभव शून्य, आणि सोबतचा हिरो जोना हिल त्याच्यावर वैतागला म्हणून तर तो जास्तच फिट बसला! 'द ऑफिस'ची तर कमाल आहे, त्यातली फिलिस म्हणजे फिलिस स्मिथ ही जोन्सच्याच ऑफिसात कास्टिंगचं काम करायची, ऑडिशनला येणाऱ्यांसमोर बसून समोरच्या पात्राचे संवाद वाचून दाखवायची, आणि पायलटचा, म्हणजे पहिल्या भागाचा डायरेक्टर केन क्वापिस याला तिचंच वाचन इतकं आवडलं की तिला रोल मिळाला. त्यातलीच पॅम झालेल्या जेना फिशरनं सांगितलंय की जोन्सनं तिला ऑडिशनला नटूनथटून येऊ नकोस, मला बोअर करायची हिंमत ठेव असं बजावलं होतं. कॉमेडीच्या ऑडिशनला असं सांगायला केवढा विश्वास लागत असेल!

आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये विनोदी एकांकिकेच्या वाचनाला जो सगळ्यांत जास्त हशा काढेल त्याला मुख्य काम, हीच पद्धत. यंदा गणपतीच्या एकांकिकेला मी ती बदलली. सगळ्यांना सांगितलं की हसवायचं नाही, फोनवर निरोप दिल्यासारखं वाचा, आणि समोरून संवाद द्यायला एकच मुलगी ठेवली, सगळ्यांना सारख्याच सुरात देणारी. एका बँकेत काउंटरवर बसणारा मुलगा आला, त्यानं मान वर न करता 'पावती नंतर देतो' एवढंच वाक्य असं काही टाकलं की समोर वाचणारी मुलगीच फुटली. एरवी तो तिसऱ्या रांगेतला पोलीस झाला असता. त्यालाच घेतलं, आणि प्रयोगात त्याच वाक्याला टाळी पडली.

म्हणून मला वाटतं ऑस्करनं २०२५ च्या सिनेमांपासून कास्टिंगला वेगळा पुरस्कार ठेवला ते फार उशिरा झालं, इतकी वर्षं ज्यांनी चेहरे शोधले त्यांचं नाव आपण श्रेयनामावलीत वाचतही नव्हतो.

सेटमधल्या कॉमेंटरी, म्हणजे भाग चालू असताना त्यावर केलेल्या गप्पा, भरपूर आहेत, एकेका भागावर एकाहून जास्त, सगळ्या ऐकायचा पेशन्स माझ्याकडे नव्हता, काहींत सगळे एकदम बोलतात आणि कोण काय म्हणतंय कळत नाही. चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचं आहे, मला चालतं. नुसती सिरीयल बघायची असेल तर एवढा खटाटोप कशाला, पण एकांकिका बसवणाऱ्यांनी ड्राइव्ह उसना आणून का होईना ऑडिशन्स बघाच. पाचपैकी साडेचार. ठाण्यात कुणाला हवा असेल तर आठवडाभर द्यायला तयार आहे, फक्त पहिली डिस्क सध्या बँकेवाल्या मुलाकडे आहे.