आजोबांची दुनळी, खोटं ‘खानदान’ आणि गेलेली पावती

बाबा गेल्यावर आजोबांची बारा बोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, माझ्याकडे आली. म्हणजे वारसा आला. बंदूक मुंबईत फोर्टमधल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे, कारण माझ्या नावावर परवाना होईपर्यंत ती घरात ठेवता येत नाही. आजोबांनी ती 1952 मध्ये सांगलीत विकत घेतली होती. त्याआधी ती कुणाची होती, हे मला फार मनापासून जाणून घ्यायचं होतं. ह्या हौसेपायी मी 85,000 रुपये घालवले. त्याहून मोलाचं जे गेलं, ते पुढे सांगतो.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या घड्याळांपाशी एका गृहस्थाची ओळख झाली. पन्नाशीचा, बोलायला गोड, मराठी स्वच्छ. मोबाईलमधले बंदुकीचे फोटो पाहून म्हणाला, “दादा, नळीवर लंडनचं नाव आहे. हिला खानदान असणार. मी काढून देतो.” पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडसारख्या लंडनच्या जुन्या बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांच्या वह्यांमध्ये अनुक्रमांकावरून पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव खरोखरच सापडू शकतं. हे मी वाचलेलं होतं, म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसला.

‘लंडनच्या उताऱ्या’साठी 15,000, मग ‘संस्थानी दप्तर चाळायला’ 40,000, शेवटी ‘लिलावाच्या मूल्यांकना’चे 30,000. प्रत्येक वेळी यूपीआय, प्रत्येक वेळी वेगळा नंबर. आणि पडताळणीसाठी म्हणून आजोबांचं मूळ परवाना-पुस्तकही त्याने नेलं.

दोन महिन्यांनी कागद आले. एक इंग्रजी उतारा : बंदूक 1897 ची, एका संस्थानिकासाठी बनवलेली. दुसरा जाड पिवळट कागद, त्यावर सांगली दरबारची मुद्रा, तारीख नोव्हेंबर 1949 : आजोबांना ‘सेवेबद्दल’ ही बंदूक भेट दिली. मी तो कागद काचेत बसवून घ्यायचं ठरवलं होतं.

बोरिवलीला आत्याकडे गेलो तेव्हा तो बरोबर नेला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. “एकोणपन्नास साली दरबार कुठला रे? विलीनीकरण झालं तेव्हा मी पहिलीत होते. आणि भेट कसली? दादांनी, तुझ्या आजोबांनी, ती पैसे मोजून घेतली, त्यावरून आई महिनाभर बोलत नव्हती.” बरोबर होतं तिचं. दक्षिण महाराष्ट्रातली अनेक संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झाली, सांगली त्यांतलीच. परवाना-पुस्तकावरचा शिक्काही दरबारचा नव्हता, दक्षिण सातारा जिल्ह्याचा होता. त्या जिल्ह्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. ते पुस्तक इतकी वर्षं घरात असून मी त्या शिक्क्याचा कधी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोर्टात गेलो. विक्रेत्याने नळ्यांखालचं लाकूड काढलं, नळ्या सुट्या केल्या आणि त्यांची खालची सपाट बाजू दिव्याखाली धरली. तिथे लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजच्या तपासणीचा शिक्का. मुकुट त्यात 1893 मध्ये आला, म्हणजे बंदूक त्यानंतर तपासलेली. लंडनमध्ये बनलेल्या बंदुकीवर लंडनचे शिक्के असते. इंग्रजी वाटणारी नावं कोरून बेल्जियमच्या बंदुका जगभर विकल्या गेल्या, त्यांतलीच ही. कुणी तुम्हाला जुन्या बंदुकीचा इतिहास सांगत असेल तर वरचं नक्षीकाम आणि नाव राहू द्या, आधी नळ्या उतरवून हे शिक्के पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, मी ते सगळे पैसे देऊन झाल्यावर केलं.

अजून एक गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. तो म्हणाला होता, “अँटिकला परवाना लागत नाही, सोडवून घरी आणा. मी लंडनच्या लिलावात पाठवतो.” हे ऐकलं असतं तर आज आरोपी मी असतो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मधली सूट, दुरुस्ती करूनसुद्धा जी उडणारच नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. आमची दुनळी आजही उडते. आणि शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरली, तर 1972 च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही.

आता त्याचा फोन बंद आहे. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार दिली आहे, व्यवहारांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. पैशांचं दुःख आहेच. पण त्या परवाना-पुस्तकात घडी घालून ठेवलेली 1952 ची विक्रीची पावती होती. आजोबांच्या आधीच्या मालकाचं नाव तिच्यावर होतं. मला जे शोधायचं होतं, ते माझ्याच कपाटात होतं आणि मी ते न वाचता दुसऱ्याच्या हातात दिलं. पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे, पावतीचा नाही. कुणालाही मूळ कागद देऊ नका, अगदी एक दिवसासाठीही नाही.

सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जुन्या नोंदवहीसाठी अर्ज केला आहे. आत्याला रोज फोन करतो. परवा ती म्हणाली, “मिरजेचे कुणी वकील होते. आडनाव ओठांवर आहे बघ, आठवलं की रात्री-अपरात्री फोन करते.”