बॉक्स नवा, पण बॅटरीपाशी फ्यूजच नाही

गेल्या पावसाळ्यात आंबोली घाट उतरताना बोनेटमधून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुलं. धुकं दाट. फॉगलॅम्प बंद केले, गाडी कडेला घेतली आणि सगळ्यांना भर पावसात खाली उतरवलं. वास हळूहळू विरला, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

ज्या कामामुळे हे घडलं, ते मी सुरक्षिततेसाठीच करून घेतलं होतं. फॉगलॅम्प, डॅशकॅम आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर यांचा भार कंपनीच्या वायरिंगवर नको, म्हणून जादा फ्यूज बॉक्स बसवायचा होता. कोल्हापुरातल्या एका दुकानदाराने काउंटरवर जाड तांब्याची वायर आणि पारदर्शक झाकणाचा सहा फ्यूजचा बॉक्स दाखवला. साडेचार हजार सांगितले. "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडेल, साहेब." मी साध्या चिठ्ठीवर पैसे दिले. काम चालू असताना "आत पाहुण्यांना परवानगी नाही" म्हणून बाहेर बसवलं. संध्याकाळी सगळ्या वायरी काळ्या नळीत घालून, टेप मारून, झकास दिसणारी गाडी ताब्यात दिली.

सावंतवाडीत एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने ती नळी ब्लेडने फाडली. बॅटरीपासून बॉक्सपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "मेन फ्यूज खंय आसा?" नव्हताच. बॅटरीची वायर थेट बॉक्सला जोडलेली. वाटेत ती कुठे पत्र्याला टेकून शॉर्ट झाली असती, तर बॉक्समधला एकही फ्यूज तिचा करंट थांबवू शकला नसता, कारण ते सगळे तिच्या पुढे होते.

बॉक्समध्ये सहाही फ्यूज हिरवे, म्हणजे ३० अँपियरचे. माझे दोन दिवे ५५-५५ वॅटचे. ११० भागिले १२, म्हणजे साधारण ९ अँपियर. तिथे १५चा निळा फ्यूज पुरतो. फ्यूज वायरला वाचवायला असतो, आणि दिव्यांची वायर तर सुतळीसारखी बारीक होती. ग्रिलच्या पत्र्यावर घासून ती सोलली होती, तापून वितळली, तरी फ्यूज शाबूत. त्यांनी तार ब्लेडने खरवडली. वरचा तांब्याचा रंग निघाला, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. काउंटरवर दाखवलेली वायर गाडीत आलीच नव्हती.

कोल्हापूरच्या दुकानात परत जाऊन जाब विचारला, तर उत्तर मिळालं, "वॉरंटी बॉक्सची आहे आणि बॉक्स चांगलाच आहे. वायरिंग दुसऱ्याने उघडलंय, आता आमची जबाबदारी नाही." माझ्याकडे बिल नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची म्हटलं, तरी दाखवायला हातात कागद नाही, याची चीड अजून जात नाही.

आता सावंतवाडीतच सगळं नव्याने करून घेतलंय. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३०चा मेन फ्यूज, तिथून बॉक्सपर्यंत सहा चौरस मिमीची तांब्याची वायर, दिव्यांना अडीचची आणि रिले, म्हणजे डॅशबोर्डच्या बटणावर भार न टाकता दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा स्विच. वायर पत्र्यातून जाते तिथे ती घासू नये म्हणून रबरी ग्रॉमेट (भोकात बसणारं कडं), टोकांना दाबून बसवलेले थिंबल (जोडणीची धातूची टोपणं). काम सुरू करण्याआधी त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली, आणि मला शेजारी स्टूल दिलं.

तुम्ही असं काम करून घेतलं असेल, तर आजच बोनेट उघडा आणि बॅटरीच्या लाल टोकापासून नवीन वायरीवर बोट फिरवत जा. वीतभरात फ्यूज लागला नाही, तर ती वायर काढून टाकेपर्यंत गाडी घराबाहेर काढू नका.