फणसाच्या लाकडाचं टेबल: अठरा महिन्यांच्या वापरानंतर

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या परसातला कापा फणस मुळासकट आडवा झाला. आजोबांनी लावलेलं झाड. लाकूड जळणाला देण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, पण आईचा जीव होईना. त्या लाकडाचं जेवणाचं टेबल, दोन बाकं आणि ड्रॉवर असलेलं एक कपाट फेब्रुवारी 2023 पासून रोज वापरात आहे. सागाला पर्याय शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

आधी एक महत्त्वाचं. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत फणस आहे. झाड स्वतःच्या जागेत असलं तरी कुऱ्हाड लावण्याआधी परवानगीचं विचारून घ्या.

ओंडके गिरणीत नेले ते ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर. ओल्या फणसात चीक असतो आणि तो पात्याला धरतो. फणस कापताना आपण सुरीला तेल लावतो, तसा गिरणीवाला पात्याला मधूनमधून रॉकेलचा बोळा फिरवत होता. ओंडका उघडला तेव्हा आतला गाभा हळदीसारखा पिवळाजर्द निघाला आणि भुसाही तसाच. या गाभ्यात मोरिन नावाचं रंगद्रव्य असतं. आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची चीवरं याच लाकडाच्या ढलप्या उकळून रंगवत असत.

दीड इंची फळ्या पडवीत, मधे पट्ट्या घालून, दोन वर्षांहून जास्त रचून ठेवल्या. टोकांना जुना ऑइलपेंट फासला होता. ज्या दोन फळ्यांची टोकं रंगवायची राहिली, त्या दोन्हींना वीतभर आत चिरा गेल्या. बाकीच्या जवळजवळ सरळ राहिल्या. वाळलेला एक तुकडा मापून तोलला, तर घनफुटाला 17-18 किलोचा हिशेब आला, म्हणजे सागाच्या आसपास.

कामाला हे लाकूड कसं? आमच्या सुतारकाकांचं मत, "करवतीला गरीब, रंध्याला हट्टी." करवत आणि पटाशी छान चालते, कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारी जीभ) स्वच्छ निघतं, स्क्रू घट्ट बसतो, फेविकॉलचे सांधे आजवर सुटलेले नाहीत. पण फणसाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, एकसारखी जात नाही. एका पट्ट्यात ती उजवीकडे झुकते, शेजारच्या पट्ट्यात डावीकडे. त्यामुळे रंधा एका जागी रेशमासारखा सरकतो आणि बोटभर पुढे तंतू उपटतो. काकांनी पातं पुन्हा पुन्हा परजलं, अगदी पातळ काप घेतले आणि शेवटचा हात पॉलिश पेपरनेच मारला. याच उलटसुलट रेषेमुळे टेबलावर तिरपा उजेड पडला की गडद-फिके पट्टे हलल्यासारखे दिसतात. छिद्रं मोठी असल्यामुळे आरशासारखं पॉलिश हवं असेल तर आधी त्यांत लांबी (पुट्टी) भरावी लागेल. आम्ही फक्त जवसाचं तेल दिलं, तीन हात. तेल देण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसू नका, फडकं पिवळं होतं.

रंगाचा बदल मला सगळ्यात जास्त आवडला. पहिल्या महिन्यात टेबल पिवळं होतं, मग मधासारखं झालं, आणि आता तांबूस तपकिरी आहे. खिडकीजवळची बाजू लवकर गडद झाली. फळांची परडी कायम एकाच जागी असायची. ती उचलल्यावर खाली पिवळा गोल राहिला होता, तो मिसळायला दोन महिने लागले. एकसारखा रंग हवा असेल, तर पहिलं वर्षभर टेबलावरच्या वस्तू हलवत राहा.

पावसाळे दोन झाले. टेबलाचा साडेदोन फुटी फळा (वरचा पृष्ठभाग) जुलैत रुंदीला तीनेक मिलिमीटर फुगतो आणि दिवाळीपर्यंत परत येतो. काकांनी फळा खालून लांबट भोकांतल्या स्क्रूंनी धरलाय, त्याला सरकायला वाव राहतो, म्हणून तडा गेला नाही. कपाटाचे दोन ड्रॉवर मात्र पहिल्या श्रावणात अडकले होते. कडेला मेण घासल्यावर आणि थोडं रंधून घेतल्यावर सुटले.

तक्रार एकच, आणि तिचं कारण माझा आग्रह होता. लाकूड वाया जाऊ नये म्हणून एका बाकाच्या कडेला बाहेरचं पांढरट लाकूड मी ठेवायला लावलं. सातव्या महिन्यात बाकाखाली पिठासारखी भुकटी दिसली. भुंग्याने पांढरा भाग पोखरला होता, पण पिवळ्या गाभ्यात एकही भोक नाही. ती कड कापून टाकली. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, हे जुन्या घरांच्या खांबांवरून आपल्याकडे ठाऊक आहेच. ते कवच पांढऱ्या भागाला नाही, तेव्हा तो निर्दयपणे काढा.

टणकपणाला मी पैकीच्या पैकी देणार नाही. पाटा-वरवंट्याचा एक धक्का बसला तिथे खळगा पडलाय. कपबशा, गरम पातेल्याखालची चुंबळ, मुलांच्या कंपासपेट्या एवढं ते सहज सोसतं. सहा महिन्यांनी तेलाचा एक हात पुरतो.

दक्षिणेत मृदंगाचं खोड आणि तंजावरची वीणा याच लाकडाची करतात. आमच्या टेबलावर बोटांनी ताल धरला की आवाज भरीव येतो. आई आता रोज सकाळी तिथेच तांदूळ निवडायला बसते. उरलेल्या फळ्यांपैकी सर्वांत रुंद तिने पाटांसाठी बाजूला काढली आहे, पाऊस उघडला की काका येणार आहेत.