तंटामुक्त समिती : बांधासाठी जरूर जा, मारहाणीसाठी जाऊ नका

मी अंगणवाडी सेविका. गाव सांगली जिल्ह्यात, आर. आर. आबांच्या (आर. आर. पाटील यांच्या) अंजनीपासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. गावाचं नाव लिहीत नाही. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली मला विचारतात, "बाई, समितीत अर्ज देऊ का?" मी स्वतः दोनदा समितीपुढं गेले आहे, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, म्हणजे गावातले तंटे गावातच समितीपुढं मिटवायचे. त्याआधी ग्रामविकास खात्यात असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आणलं होतं, त्याच धर्तीवर हे. त्यांचं म्हणणं आमच्यासारख्यांना लगेच पटलं. खून काही अचानक पडत नाही. आधी बांध कोरला जातो, मग शिवीगाळ होते, मग कुऱ्हाड निघते. बांधावरच मिटलं तर पोलीस ठाणं आणि कोर्ट दोन्ही टळतं. समिती ग्रामसभेनं निवडायची, पोलीस पाटील निमंत्रक, बीट अंमलदार (आपल्या भागाचा पोलीस), तलाठी आणि ग्रामसेवक हजर. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही. गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येप्रमाणे 1 लाखापासून 10 लाखांपर्यंत बक्षीस मिळायचं.

आमचा तंटा वाटेचा. चुलत दिरानं बागेकडं जाणारी वाट नांगरली. सासऱ्यांनी 1999 साली दावा लावला होता, तारखांवर तारखा पडत होत्या. मधल्या काळात ठाण्यात दोन्ही बाजूंच्या एनसी (अदखलपात्र तक्रारी) झाल्या. एका हंगामात टेम्पो आत येईना, तेव्हा द्राक्षाचे क्रेट आम्ही बायकांनी डोक्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणले. माझी थोरली मुलगी तेव्हा नववीत होती, शाळा बुडवून तीही ओझी वाहत होती.

जानेवारी 2009 मध्ये समितीपुढं बसलो, मारुतीच्या देवळात, रात्री जेवणं झाल्यावर. पहिल्या बैठकीत नुसता आरडाओरडा. दुसऱ्या बैठकीत समितीतल्या एका निवृत्त गुरुजींनी दिरांना विचारलं, "वाटेवरून भांडतोस का विहिरीवरून?" दीर गप्प झाले. खरं दुखणं सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं होतं. आमच्या सासऱ्यांनी पूर्वी त्यांची रात्रीची पाळी तोडली होती, त्याचा राग त्यांनी वाटेवर काढला. कोर्टाच्या कागदात विहिरीचा शब्दसुद्धा नव्हता! तिसऱ्या बैठकीत ठरलं : आठवड्यातल्या तीन रात्री पाणी त्यांचं, वाट आठ फूट मोकळी, मोजणीची फी निम्मी निम्मी. त्या फेब्रुवारीत टेम्पो थेट बागेत आला. सासूबाईंनी दिरांच्या घरी पहिली पाटी द्राक्षं पाठवली, दहा वर्षांनी.

इथं एक काम चुकवू नका. समितीच्या वहीवर सह्या झाल्या म्हणजे संपलं असं समजू नका. त्या कागदाला कोर्टाच्या हुकुमाचं बळ नसतं. पोरं मोठी होतात, सही केलेला माणूस जातो आणि वाट पुन्हा नांगरली जाते. आमच्या बीट अंमलदारांनी तीच तडजोड लोकअदालतीत ठेवायला लावली. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. आता सासरे नाहीत, दीरही नाहीत, वाट आहे.

एवढ्यासाठी मी समितीला पाचपैकी पाच देते.

दुसरा अनुभव 2011 चा. शेजारच्या घरातली सून, वय बावीस, अंगणवाडीत मुलाला सोडायला यायची तेव्हा पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. एकदा पदर सरकला आणि मी वळ पाहिले. अर्ज समितीत देऊ, असं मीच तिला म्हटलं. वाटेच्या वेळी न्याय मिळाला होता, म्हणून माझा विश्वास होता. तो सल्ला चुकला आणि त्याची बोच मला आजही आहे.

त्याच देवळात तिला बसवलं. समोर सासरा, दीर, भावकीतली माणसं. समितीत दोन बायका होत्या, त्यांना कुणी बोलू दिलं नाही. तिला विचारलं, "नांदायचंय ना?" ती हो म्हणाली, दुसरं काय म्हणणार? नवऱ्यानं पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून दिलं आणि वहीत तंटा मिटला अशी नोंद झाली. बक्षिसासाठी गावाला गुण द्यायची तारीख जवळ होती, मिटलेल्या तंट्यांचा आकडा हवा होता. चार महिन्यांनी तिचा डावा हात मोडला.

वाट दोन बरोबरीच्या शेतकऱ्यांमध्ये अडते, तिथं दोघांनी थोडं थोडं सोडलं की जमतं. मार खाणारीनं काय सोडायचं? मी तिला तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं घेऊन गेले, घरात मार खाणाऱ्या बाईला मदत करायला नेमलेले सरकारी अधिकारी ते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला, संरक्षणाचा आदेश आणि पोटगी मिळाली. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो तालुका विधी सेवा समितीनं दिला. आज ती माहेरच्या गावात शिलाईचं दुकान चालवते.

आबांबद्दल मला आदर आहे, ते 2015 साली गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नव्हती. पण त्यांची नजर घर वाचवण्यावर होती, घरातल्या एकट्या बाईपर्यंत ती पोचली नाही असं मला वाटतं. त्यांनी आणलेल्या 2005 च्या डान्सबार बंदीचंही तेच झालं. द्राक्षाचे पैसे पनवेलला उडवून आलेली पोरं आम्ही पाहिली होती, त्यामुळं मलाही बंदी पटली होती. नाचून घर चालवणाऱ्या बायकांच्या पोटाचं काय, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला. सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली बंदी घटनेविरुद्ध ठरवली, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं वाचलं.

म्हणून बांध, वाट, पाणी, सामाईक भिंत, उसने पैसे यांसाठी समितीकडं जा, आणि पेरणी किंवा काढणीच्या आधी जा. मारहाण, हुंडा, छेडछाड असेल तर समितीकडं जाऊ नका. मार चालू असेल तर 112, सल्ला हवा असेल तर 181, आणि अर्जासाठी संरक्षण अधिकारी. अंगणवाडीत या, मी सोबत येते.

घरातली मारहाण समितीच्या वहीत घेऊ नये असा ठराव मी मागच्या ग्रामसभेत मांडला. कोरम नाही म्हणून तो पुढं ढकलला. येत्या सभेला चाळीस बायका घेऊन जाणार आहे.