क्रोमचा डिव्हाइस मोड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मराठी साइट मोबाइलवर नीट बसते का, हे बघायला बहुतेक जण आधी क्रोमचा डिव्हाइस मोड, म्हणजे लॅपटॉपवरच पान फोनच्या आकारात दाखवणारी सोय, उघडतात. विंडोजवर एफ१२ दाबून डेव्हटूल्स (पान तपासायची क्रोममधली साधनं) उघडायचे, मग कंट्रोल-शिफ्ट-एम. आठ महिने रोज वापरल्यावर मत एवढंच की मांडणी तपासायला हे उत्तम आहे, पण देवनागरी मजकुराबाबत त्याच्या भरवशावर राहू नये.

यादीतला फोन निवडण्यापेक्षा 'रिस्पॉन्सिव्ह' ठेवा आणि कड हाताने ओढत रुंदी ३२० पासून ७६८ पिक्सेलपर्यंत न्या. मांडणी ज्या रुंदीला फुटते, मीडिया क्वेरीचा (रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या सीएसएस नियमाचा) आकडा तोच घ्या. फोनच्या मॉडेलांमागे धावण्यात अर्थ नाही. पान आडवं सरकत असेल तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, तिच्याने मापंच बदलतात. गुन्हेगार सहसा ठरलेले: पिक्सेलमध्ये रुंदी बांधलेला फोटो, रुंद टेबल, नाहीतर मिन-विड्थ (किमान रुंदी) शून्य न केलेला फ्लेक्समधला, म्हणजे घटक ओळीत मांडणाऱ्या रचनेतला, डबा. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीचं धरा, असं ब्राउझरला सांगणारी ओळ) टाकायचा राहिला असेल तर पान ९८० पिक्सेलचं धरून आक्रसतं, तेही इथे लगेच कळतं.

आता गोम. हा मोड अक्षरं लॅपटॉपच्याच फॉन्टमधून काढतो. फॉन्ट ठरवून दिला नसेल तर विंडोजवर सहसा निर्मला यूआय दिसतो आणि अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स देवनागरी. दोन्हींच्या अक्षरांची रुंदी वेगळी, त्यामुळे लॅपटॉपवर बटणात मावलेलं 'महानगरपालिकेच्या' फोनवर बाहेर डोकावू शकतं. मुक्तासारखा वेबफॉन्ट (साइटसोबतच उतरणारा फॉन्ट) दिला की हा फरक जातो. मात्र देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात, दोनच वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) घ्या. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.२ आणि डब्याची उंची बांधलेली असली की रफार आणि उकार कापले जातात. १.६ ठेवा, उंचीऐवजी पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. इंग्रजी थीममधून आलेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य करा, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात.

यादीत 'आयफोन' निवडला तरी बदलतो तो मुख्यतः आकार आणि यूजर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख). पान रंगवणारं इंजिन क्रोमचंच राहतं, सफारीचं नव्हे. म्हणून १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षरांच्या, मजकूर भरायच्या रकान्यावर बोट ठेवताच आयफोन पान मोठं करतो, ते इथे दिसणार नाही. कीबोर्डही वर येत नाही, त्यामुळे तळाशी चिकटवलेलं 'पुढे' बटण त्याखाली जातं का, हे कळत नाही. अ‍ॅड्रेस बारचं वरखाली होणंही इथे दिसत नाही. म्हणून पूर्ण उंचीच्या भागाला १०० व्हीएचऐवजी (स्क्रीनच्या उंचीच्या टक्क्यांतलं माप) १०० डीव्हीएच द्या, ते बारप्रमाणे बदलतं. प्रोसेसर मुद्दाम मंद करून बघायचं '४ पट मंद' हे तुमच्या लॅपटॉपच्या मानाने असतं, स्वस्त फोनच्या नव्हे.

शेवटची तपासणी खऱ्या अँड्रॉइडवरच. फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग (केबलवरून फोन तपासू देणारी सोय) चालू करा, केबल जोडा आणि लॅपटॉपवर क्रोमचं इन्स्पेक्ट पान (chrome://inspect) उघडा. तिथल्या पोर्ट फॉरवर्डिंगने लोकलहोस्टची, म्हणजे फक्त लॅपटॉपवर चालणारी, साइट थेट फोनवर दिसते. फोन यादीत येतच नसेल तर आधी केबल बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही.